जुन्या जीपची श्वासनळी



तेंदूपानाचा हंगाम आटोपत आला, की आपल्याकडे मृगाचे वेध लागतात. धानाचे पऱ्हे, पऱ्हाटीचे बियाणे यांविषयी या पानावर नेहमीच बोलणे होते. आज जरा कोठ्याच्या कडेला उभ्या असलेल्या जुन्या जीपकडे चला. सिंदेवाही-मूलपासून आलापल्ली-सिरोंच्यापर्यंत अशा जीपा अजून दिसतात. कुणी लिलावात घेतलेली, कुणाच्या वडिलांनी ठेवलेली. शहरातले हौशी लोक हल्ली त्यांना शोधत फिरतात. आपल्याकडे मात्र त्या खताची पोती आणि दवाखान्याचा रोगी वाहतात.

ही गाडी आपल्या देशात रुळली ती महिंद्र कंपनीमुळे. १९४७ पासून मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू झाली. पुढे आलेल्या उंच बॉनेटच्या जीपमध्ये ‘हरिकेन’ नावाचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असे. त्याचे आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये. म्हणून इंजिन उंच आणि म्हणून बॉनेटही उंच. नंतर डिझेल इंजिने आली. पण पेट्रोल असो वा डिझेल, एका स्वस्त वस्तूकडे सगळ्यांचेच दुर्लक्ष होते. ती म्हणजे ब्रीदरची रबरी नळी.

इंजिनालाही श्वास लागतो, म्हणजे काय? पिस्टनवर जो स्फोट होतो, त्याचा थोडा वायू रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतोच. नव्या इंजिनात थोडा, झिजलेल्यात जास्त. त्यात पाण्याची वाफ असते, अर्धवट जळलेले इंधन असते. त्याला वाट मिळाली नाही तर आत दाब वाढतो आणि तो सापडेल त्या सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो. वाफ आतच राहिली तर ऑइलचा चिखल होतो. म्हणून ब्रीदर. पूर्वी एक नळी खाली लोंबत सोडलेली असे आणि धूर रस्त्यावर जाई. जुन्या ट्रॅक्टरांवर अजून तसेच दिसते. लष्कराच्या जीपांना नदी-नाले ओलांडावे लागत, म्हणून तिथे ही वाट बंदिस्त करण्यात आली. साध्या मोटारींमध्ये ती आली प्रदूषणाच्या काळजीने. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. पेट्रोल जीपमध्ये एक नळी एअर क्लीनरकडून गाळलेली हवा इंजिनात आणते, आणि दुसरी आतला वायू एका लहान व्हॉल्व्हमधून इनटेककडे नेऊन पुन्हा जाळते.

आता ही नळी फुटली तर काय बिघडते, ते नीट ध्यानात घ्या. एअर क्लीनरच्या बाजूची नळी चिरली की गाडी न गाळलेली हवा ओढते. आपल्या मुरमाच्या रस्त्यांवर पुढच्या ट्रॅक्टरच्या मागे कसा धुरळा उडतो ते तुम्ही जाणताच, आणि कोळशाच्या वाहतुकीच्या रस्त्यांवर तर काळी भुकटीच असते. ती थेट ऑइलमध्ये मिसळते आणि रिंगा व बेअरिंगे घासते. इनटेककडची नळी चिरली तर जास्तीची हवा शिरून गाडी उभ्याने अडखळते, आणि मिस्त्री बिचारा कार्बोरेटरचे स्क्रू पिळत बसतो. शे-दोनशेच्या नळीपायी हजारो रुपयांचे इंजिनकाम निघते, तेही नेमके रोवणीच्या तोंडावर.

चंद्रपूरच्या उन्हात रबर लवकर मरते. पारा ४५-४६ वर जातो, त्यात बॉनेटखालची धग वेगळी. नळी दाबून पाहा: कडक होऊन चिरा दिसल्या तर गेली, फुगून लोण्यासारखी मऊ झाली तरीही गेली. गाडी तणसाच्या ढिगाजवळ उभी असेल तर उंदराचे दात शोधा. आणि पाऊस-उन्हाळा उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या उघड्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते. बाहेरून नळी ठणठणीत, आत गच्च बूच! मग डिपस्टिक आपोआप वर येते, झाकणाभोवती ऑइल पाझरते आणि आपण सीलला दोष देतो.

बदलण्याचे काम घरीही होते, पण इंजिन पूर्ण गार असू द्या. क्लिप सैल करा, नळी ओढू नका, पिळून फिरवा. चिकटली असेल तर लांबीत ब्लेडने चिरा द्या. रबराचा तुकडा आत पडू नये म्हणून लगेच तोंडात स्वच्छ फडके कोंबा, आणि नवी नळी चढवण्यापूर्वी ते आठवणीने काढा. लोखंडी तोंडावरची काजळी रॉकेल किंवा डिझेलने पुसा. जाळीचा ब्रीदर असेल तर जाळी धुऊन, वाळवून बसवा. पेट्रोल जीपचा व्हॉल्व्ह काढून कानाशी हलवा. खुळखुळला तर मोकळा आहे, मुका राहिला तर धुवा किंवा बदला.

नळी घेताना जुनी सोबत न्या आणि आतला व्यास जुळवा. दुकानदाराला ‘ऑइलला टिकणारी, आत धागा असलेली’ असे स्पष्ट सांगा. रेडिएटरची नळी दिसायला तशीच, पण ऑइलने फुगते. ठिबकचा किंवा फवारणीचा पाइप उष्णतेने मऊ पडतो, आणि सायकलची ट्यूब तर ओढीने चपटी होऊन वाटच बंद करते. हे तिन्ही प्रकार मी गावोगावी पाहिले आहेत. बसवताना नळी सायलेन्सरच्या बाजूला टेकू देऊ नका, तिला मोड येऊ देऊ नका आणि मध्ये झोळ ठेवू नका. झोळात पाणी साचते. क्लिप घट्ट, पण रबरात रुतेल इतकी नाही.

एक उपाय मात्र कधीच करू नका. धूर येतो म्हणून ब्रीदरच्या तोंडात चिंधी ठोकणे. धूर थांबतो खरा, पण दोन दिवसांत मागचे सील ऑइल टाकू लागते. नवी नळी लावून, इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडून पाहा. हलकी वाफ असेल तर चालेल. भकभक धूर मारत असेल तर रिंगा झिजल्या आहेत. नळीने ते दुखणे जाणार नाही, मिस्त्रीला दाखवा.

डिझेलवाल्यांनी आणखी जपावे. ज्या डिझेल इंजिनाचा ब्रीदर इनटेकला जोडलेला असतो, त्यात ऑइल खुणेच्या वर भरले किंवा एअर क्लीनर चोंदला, तर इंजिन ब्रीदरवाटे आपलेच ऑइल ओढून जाळू लागते. मग डिझेल बंद केले तरी ते थांबत नाही, उलट पळतच सुटते. अशा वेळी जाड फळी इनटेकच्या तोंडावर दाबून हवा बंद करायची. हात किंवा लुगड्याचा पदर चुकूनही लावायचा नाही. जमत नसेल तर मुलाबाळांना घेऊन दूर व्हा.

पावसाळ्यात नाला ओलांडणारी जीप आणि चिखलणीला बांधीत उतरणारा ट्रॅक्टर यांच्या गिअरबॉक्स व एक्सलवरही छोटे ब्रीदर असतात. ते चिखलाने बुजले तर गरम एक्सल थंड पाण्यात उतरताच सीलमधून पाणी आत ओढतो. उतरण्यापूर्वी तारेने मोकळे करा. नंतर ऑइल दुधाळ दिसले तर पाणी शिरले समजा आणि ते त्याच दिवशी बदला. इंजिनाच्या नव्या नळीच्या क्लिपा आठवडाभर गाडी चालल्यावर पुन्हा एकदा आवळा. रबर बसले की त्या थोड्या सैल होतात.