रिकाम्या यानांचे ऋण

जानेवारी २०२५ मध्ये इस्रोने दोन लहान उपग्रहांची अवकाशात जोडणी करण्याचा बेत दोन वेळा पुढे ढकलला, तेव्हा आमच्या वर्गात हशा पिकला. "सर, इस्रोचाही गृहपाठ राहिला वाटतं!" असे एक विद्यार्थी म्हणाला. हसू मलाही आले. पण विद्यार्थिमित्रहो, या थट्टेस उत्तर देणे अवश्य आहे.

मोठे अवकाशस्थानक सहसा एकसंध वर नेता येत नाही. एकेक दालन जोडून ते वाढवावे लागते. फेरीबोट मांडवीच्या धक्क्याला लावताना चालकाचे कसब आपण पाहतो. येथे तर धक्काही ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने धावत असतो, आणि तरीही दोन यानांनी परस्परांस अलगद टेकावयाचे असते.

या कामी घाई केल्याचे मोल सोव्हिएत रशियाने मोजले आहे. सोयूझ यानाच्या तीन निर्मनुष्य चाचण्या सदोष ठरल्या होत्या. त्यांपैकी एक यान तर अरल समुद्राच्या बर्फातून तळाशी गेले होते. तरीही एप्रिल १९६७ मध्ये व्लादिमिर कोमारोव्ह यांना 'सोयूझ-१' मधून धाडण्यात आले. मागाहून येणाऱ्या दुसऱ्या यानाशी त्यांची जोडणी व्हावयाची होती. ते यान सुटलेच नाही. परतताना मुख्य हवाई छत्री उघडली नाही आणि २४ एप्रिल रोजी कोमारोव्ह मृत्यू पावले.

मग रिकामी याने पुढे आली. ३० ऑक्टोबर १९६७ रोजी कॉसमॉस-१८६ व कॉसमॉस-१८८ मानवी हाताविना एकमेकांस जोडली गेली. जोडणी पुरती घट्ट झाली नाही, विद्युत्‌संबंध जुळला नाही. असा दोष रिकाम्या यानात सापडावा, याहून स्वस्त धडा कोणता?

१९ जून १९८१ रोजी सॅल्यूत-६ या स्थानकाला कॉसमॉस-१२६७ जोडले गेले, तेव्हा दोहोंतही कोणी नव्हते. तोवर तेथे येणारी सोयूझ याने सुमारे सात टनांची असत. हे त्याच्या दुपटीचे. एवढे मोठे दालन जोडून स्थानक हाकता येते, हे त्या दिवसानंतर सिद्ध झाले. पुढे १९८६ पासून उभारलेल्या 'मीर'ची वाढ याच वाटेने झाली. राकेश शर्मा १९८४ मध्ये सॅल्यूत-७ वर राहून आले हे आपण अभिमानाने सांगतो. कॉसमॉस-१२६७ चे नाव मात्र आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल?

यंत्रावरच सारा भार टाकावा, असे मात्र मी म्हणत नाही. १९८७ मध्ये 'क्वांत' हे दालन मीरला नीट बसेना. ११ एप्रिल रोजी रोमानेन्को व लावेइकिन यांनी बाहेर जाऊन पाहिले, तो मध्ये एक पिशवी अडकलेली! ती काढताच जोडणी झाली.

आता इस्रोच्या गृहपाठाविषयी. १२ जानेवारीस ते दोन उपग्रह अवघ्या तीन मीटरांवर आणले गेले, आणि तेथून मागे घेण्यात आले. चार दिवसांनी, १६ जानेवारी रोजी, ते जोडले गेले. त्या दिवशी वर्गात टाळ्या झाल्या. मी विचारले, "आणि १२ तारखेच्या टाळ्या?" थट्टा करणारा तो विद्यार्थीच प्रथम उठला आणि त्याने त्या वाजविल्या.