एकच पोते सर्व जनावरांना नको

जनावर खंगले की त्यास खनिज मिश्रण चारावे, आणि थोड्याने गुण न आल्यास अधिक चारावे, ही समजूत आपल्याकडे इतकी रुळली आहे की, खनिजे पोटात गेल्यावर एकमेकांचा मार्ग अडवितात आणि एकाच्या अतिरेकाने दुसऱ्याचे दुर्भिक्ष होते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही.

सुरगाणा तालुक्यासारख्या डोंगरी मुलखात या अनवधानाची किंमत विशेष मोजावी लागते. दरसालच्या मुसळधार पावसाने उतारावरील तांबड्या, मुरमाड मातीतला चुना आणि मॅग्नेशियम धुपून जाते. मागे उरलेले लोह स्फुरदास जखडून ठेविते, आणि त्यामुळे तेथील गवत मुळातच निःसत्त्व उगवते. गवत सरले की दावणीत पडतो तो भाताचा पेंढा. त्यातील ऑक्झलेटे चुन्याशी संयोग पावतात आणि तो चुना बऱ्याच अंशी रक्तात न शिरता लेंडीवाटे निघून जातो. उन्हाळ्यात खुरटे गवत ओरबाडताना जी माती पोटात जाते, तिच्यातले लोह तांब्याच्या शोषणास अडथळा करिते.

तांब्याचे प्रकरण तर फारच नाजूक आहे. कोठीपोटात मॉलिब्डेनम व गंधक एकत्र आले की त्यांचे संयुग तांब्यास असे बांधते की ते मेंढीच्या उपयोगी पडत नाही. गाभण मेंढीस तांबे कमी पडल्याने कोकरे मागच्या पायांनी लुळी होतात, हे बेनेट्स आणि चॅपमन यांनी पश्चिम ऑस्ट्रेलियात १९३७ साली दाखवून दिले. उलटपक्षी मॉलिब्डेनम अल्प आणि तांबे अधिक असेल, तर ते मेंढीच्या यकृतात महिनोन्महिने साठत राहते, आणि उपासाचा वा प्रवासाचा ताण पडताच एकाएकी रक्तात उतरून तांबड्या पेशी फोडते. डोळे पिवळे पडतात, मूत्र गडद तांबडे होते, आणि धडधाकट दिसणारे जनावर दोन-चार दिवसांत दगावते. गाईला मानवणारी मात्रा, जी शेळीही बरीचशी सोसते, ती मेंढीला अशा रीतीने विष ठरते.

एकच मिश्रण स्वस्त पडते, वाटपास सोपे जाते आणि काहीच न देण्यापेक्षा बरे, असा युक्तिवाद केला जातो. गाईबैलांपुरता तो मान्य करता येईल. परंतु सुरगाण्यात शेळ्या पुष्कळ आणि मेंढ्या थोड्या, एवढ्याच कारणास्तव मेंढीचा स्वतंत्र विचार न करणे न्याय्य नाही, आणि सिन्नर-येवल्याकडील धनगरांच्या कळपांच्या बाबतीत तर ते मुळीच क्षम्य नाही.

प्रदेशागणिक निराळे खनिज मिश्रण असावे, हा विचार बंगळूरच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेने देशापुढे मांडलेलाच आहे. त्यास अनुसरून माती, चारा आणि रक्त यांचे नमुने पावसाळ्यानंतर व उन्हाळ्यात अशा दोन्ही वेळी तपासण्याची तजवीज तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत व्हावी. तपासणीत उणीव सिद्ध झाल्याखेरीज मेंढीच्या मिश्रणात तांबे घालू नये. आणि कोणते जनावर, किती मात्रा, हे प्रत्येक पोत्यावर ठळक मराठीत छापण्याची सक्ती असावी. आजारपण, लग्नकार्य, बी-बियाणे अशा प्रत्येक अडचणीत ज्या कुटुंबाचा एकमेव आधार दावणीचे जनावर आहे, त्याच्यासाठी एवढी तरतूद करणे हे सरकारचे साधे कर्तव्य आहे.