करार पाळावयाचा कोणी?

2023 च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील डॅलस काउबॉइज या फुटबॉल-संघाचे सराव-शिबिर कॅलिफोर्नियातील ऑक्सनार्ड येथे सुरू झाले, तेव्हा संघाचा ज्येष्ठ गार्ड झॅक मार्टिन तेथे फिरकला नाही. कराराची दोन वर्षे शिल्लक होती. परंतु वेतन वाढवून मिळाल्याखेरीज यावयाचे नाही, असा त्याचा निश्चय होता. स्वतः सही केलेला करार चालू असताना असे अडून बसणे न्याय्य आहे काय? कोट्यधीशांच्या या तंट्याची उठाठेव आम्ही कशाला करावी, असे काही वाचक म्हणतील. पण सहीची किंमत जाणणाऱ्या आमच्या मध्यमवर्गाचे मत या प्रश्नावर चटकन एका बाजूला झुकते, आणि ती बाजू बरोबर नाही असे आम्हांस वाटते, म्हणून हा प्रपंच.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकचे नाव सर्वतोमुखी असते. त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे राहणाऱ्या पाच गड्यांपैकी बहुतेक मात्र सामान्यतः चेंडूला शिवतही नाहीत. चालून येणाऱ्या प्रतिपक्षाला अंगावर झेलणे, एवढेच त्यांचे काम. त्यांचे नाव ध्वनिक्षेपकावरून पुकारले जाते ते बहुधा चूक झाल्यावरच! मार्टिन हा या अनामिकांतला पहिल्या प्रतीचा गडी होता. 2014 साली संघाचे मालक जेरी जोन्स यांचे मन जॉनी मॅन्झिएल या झगमगत्या क्वार्टरबॅकवर गेले होते. सहकाऱ्यांनी त्यांना आवरले आणि मार्टिनची निवड झाली. मॅन्झिएलची कारकीर्द दोन हंगामांत आटोपली. मार्टिन अकरा हंगाम डॅलससाठीच खेळला आणि सात वेळा त्याची देशातील सर्वोत्तम गार्डांत गणना झाली.

2018 साली त्याने सहा वर्षांसाठी 8 कोटी 40 लाख डॉलर्सचा करार केला, तेव्हा गार्डांमध्ये तो सर्वाधिक वेतनाचा मानकरी होता. पाच वर्षांत बाजार पुढे गेला. 2023 च्या मार्चमध्ये अटलांटाच्या ख्रिस लिंडस्ट्रॉमला वर्षाला सरासरी 2 कोटी 5 लाख मिळाले. मार्टिनच्या वाट्याला त्या वर्षी यावयाचे होते 1 कोटी 35 लाख.

“सही करताना बाजार ठाऊक नव्हता काय?” हा आक्षेप बिनतोड वाटतो. तो तसा ठरला असता, जर करार उभयपक्षी सारखाच बंधनकारक असता. परंतु या व्यवसायात बव्हंशी करारांतील आरंभीच्या काही रकमेचीच हमी असते; पुढील वर्षांचे आकडे कागदावरचे. खेळाडू मंदावला, महाग वाटू लागला, की संघ त्याला निरोप देऊन मोकळा होतो, आणि त्याला कोणी वचनभंग म्हणत नाही. उलट खेळाडू शिबिराला आला नाही, तर 2020 च्या सामूहिक करारानुसार ज्येष्ठांना दररोज 50 हजार डॉलर्स दंड होतो. तो माफ करण्याची मुभा संघालाही ठेवलेली नाही. एका पक्षाला दार उघडे आणि दुसऱ्याला कुलूप, अशा घरात राहणाऱ्याला वचननिष्ठेचे पाठ द्यावयाचे, हा न्याय आमच्या पचनी पडत नाही.

जोन्स यांची अडचण अगदीच खोटी होती असे नव्हे. 1994 पासून प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चावर मर्यादा आहे. 2023 साली ती 22 कोटी 48 लाख डॉलर्स होती. म्हणजे मार्टिनला वाढवून दिलेला डॉलर आज ना उद्या त्याच्याच एखाद्या सहकाऱ्याच्या ताटातून निघणार. आम्हांस सर्वांत अधिक सलते ते हेच. मार्टिन अडून बसू शकला, कारण त्याच्यावाचून भिंत ढासळली असती. फळीतला साधारण गडी असे करू धजत नाही. त्याच्या जागी दुसरा उभा करावयास आठवडाही लागत नाही. ज्येष्ठाचा हक्क त्याच्या अपरिहार्यतेवर अवलंबून असेल, तर तो हक्क नव्हे, केवळ बळ होय. उपाय खेळाडूंच्या संघटनेच्याच हाती आहे: पुढील सामूहिक करारात अधिक वर्षांच्या वेतनाची हमी तिने मागावी. तोवर बळ असणाऱ्याने ते वापरले, म्हणून त्याला दोष देणे आम्हांस मान्य नाही.

तीन आठवडे व्हावयाच्या आत तडजोड झाली. उरलेल्या दोन वर्षांसाठी 3 कोटी 68 लाख 50 हजार डॉलर्स ठरले, आणि या खेपेस ते सर्वच्या सर्व हमीचे. मार्टिन परतला. 2024 च्या हंगामात घोट्याच्या दुखापतीने त्याला दहा सामन्यांनंतर थांबावे लागले. डिसेंबरात शस्त्रक्रिया झाली आणि 2025 च्या आरंभी त्याने निवृत्ती पत्करली. त्या अर्ध्यावर राहिलेल्या हंगामाचे वेतन त्याला पूर्ण मिळावयाचे होते, कारण तसे लिहून घेतलेले होते.