बाटलीचे तोंड पाहून घ्या

आमच्या आजीच्या पिढीतील माणसे प्रवासाला निघताना फिरकीचा तांब्या बरोबर घेत. तोंड रुंद, झाकण आट्यांचे. चिंच घेऊन हात आत घातला की पाच मिनिटांत तांब्या लख्ख! आता त्याची जागा स्टीलच्या बाटलीने घेतली आहे. चांगलेच झाले. मात्र दुकानात गिऱ्हाईक रंग पाहते, दुकानदार "चोवीस तास गार" म्हणून सांगतो आणि बाटलीच्या तोंडाकडे कोणीच पाहत नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या नातीची बाटली शाळेतून रोज भरलेलीच परत येऊ लागली. विचारले तर म्हणाली, "आजोबा, पाण्याला वास येतो." झाकणातील रबरी चकती सुईने उचकटली, तर खाली काळा, बुळबुळीत थर! बाटली महागाची होती. पण तोंड एवढे निमुळते की आत दोन बोटेही जाईनात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत मूल दिवसभर पाणी प्यायले नाही तर लघवी गडद होते, जळजळ सुरू होते. मोठ्यांना मुतखड्याचा त्रास असेल तर तो बळावतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की ज्या बाटलीत हात किंवा निदान चांगला ब्रश जातो आणि जिची चकती सहज निघते, तीच घ्यावी. धातूविषयी म्हणाल तर '३०४' प्रतीचे स्टील उत्तम. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. काही जण खिशातून चुंबक काढून परीक्षा घेतात. तिचा उपयोग नाही, कारण २०१ सारख्या हलक्या प्रतीच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही. त्यापेक्षा आयएसआय चिन्ह पाहावे. केंद्र सरकारने २०२३ साली पाण्याच्या बाटल्यांसाठी त्याबाबत आदेश काढला आहे.

शेतात किंवा कचेरीत दिवस काढणाऱ्याने दुहेरी भिंतीची बाटली जरूर घ्यावी. सोलापूरहून तुळजापूरला देवीला पायी जाणाऱ्याचे गणित निराळे. अंतर सुमारे ४५ किलोमीटर, आणि लिटरभर पाण्याचेच वजन एक किलो. त्यावर जड बाटलीचे ओझे कशाला? त्याला एकेरी भिंतीची हलकी बाटली पुरते. वर ओले फडके गुंडाळले की पाणी बऱ्यापैकी गार राहते. येडशीच्या रामलिंगला किंवा नळदुर्गचा किल्ला पाहायला जाणाऱ्यांनीही असेच करावे.

ताक किंवा लिंबाचे सरबत मात्र तासन्‌तास बाटलीत ठेवू नये. ताक आंबते, झाकणाखाली वायू साठतो आणि उघडताना अंगावर उडते. आमच्या घरी भिंतीवर अजून डाग आहे!

नातीची नवी बाटली साधी, रंग नसलेली आहे. रात्री धुऊन, चकती काढून ती ओट्यावर पालथी ठेवलेली असते. हल्ली शाळेतून रिकामी परत येते.