दिवा जागचा हलत नाही

पाणी आणि वीज एकमेकांत किती गुंतलेली असतात, हे परळीकरांना वेगळे सांगायला नको. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाणी नाही म्हणून इथले औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरची तहान भागवायला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. अशा मुलखात, समुद्रापासून सरळ रेषेत जवळपास चारशे किलोमीटर आत, कुणी घरात खाऱ्या पाण्याची माशांची टाकी ठेवायची म्हटली, तर घरची मंडळी ‘हा काय नसता उद्योग’ म्हणणारच. पण छंद असे विचारून येत नाहीत. समुद्राचे मीठ आता पाकिटातून मिळते, मासे ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून प्रवास करतात, आणि टाकीपाठोपाठ एक प्रश्न हटकून येतो: पाण्यातले जंतू मारणारा अतिनील दिवा, म्हणजे यूव्ही, बसवायचा का?

प्रश्न छोटा आहे, पण त्याची उत्तरे टोकाची मिळतात. विकणारा म्हणतो, याशिवाय मासे जगणारच नाहीत. एखादा जुना छंदिष्ट म्हणतो, पैसे पाण्यात गेले. दोघांचेही पूर्ण खरे नाही. यूव्ही काय करतो आणि काय करू शकत नाही, हे नीट समजून घेतले तर निर्णय ज्याचा त्याला घेता येतो.

प्रकाशाने जंतूंना आळा बसतो हे डाउन्स आणि ब्लंट या इंग्रज संशोधकांनी १८७७ मध्ये दाखवले. प्रकाशाने त्वचेच्या क्षयावर उपचार करणाऱ्या नील्स फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल मिळाले, आणि १९१० मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय शहरात पिण्याच्या पाण्यासाठी अतिनील दिवे वापरून पाहण्यात आले. आज हाच दिवा आपल्या स्वयंपाकघरातल्या फिल्टरमध्ये आहे. त्यातून निघणारे सुमारे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण जंतूच्या पेशीतला डीएनए बिघडवतात. जंतू जागच्या जागी मरेलच असे नाही, पण त्याची पुढची पिढी खुंटते. टाकीसाठीच्या यूव्हीतही हेच तंत्र असते. काचेच्या नव्हे तर क्वार्ट्झच्या नळीत दिवा, नळीभोवती बंद डबा, आणि पंपाने त्या डब्यातून फिरवलेले पाणी. साधी काच हे किरण अडवते, म्हणून क्वार्ट्झ.

मग फिल्टरमध्ये चालते ते टाकीत का चालू नये? फरक पाण्याच्या वाटेत आहे. फिल्टरमधले पाणी दिव्यासमोरून एकदा जाते आणि थेट पेल्यात पडते. प्रत्येक थेंब दिव्यासमोरून गेलेला असतो. टाकीत तसे नसते. दिव्याखालून आलेले पाणी पुन्हा त्याच टाकीत, न गेलेल्या पाण्यात मिसळते. समजा टाकी दोनशे लिटरची आहे आणि यूव्हीतून तासाला दोनशे लिटर पाणी जाते. तासाभरात सगळे पाणी दिव्याखालून गेले असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात सुमारे ६३ टक्केच गेलेले असते, कारण काही पाणी दोनदा-तीनदा जाते आणि काही एकदाही जात नाही. दुसऱ्या तासाअखेर हा आकडा ८६ टक्क्यांवर आणि तिसऱ्या तासाअखेर ९५ टक्क्यांवर जातो. एवढ्या वेळात रोगही स्वस्थ बसलेला नसतो.

खाऱ्या टाकीतला सगळ्यात कुप्रसिद्ध रोग म्हणजे पांढरे ठिपके. तो करणारा क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हा एकपेशीय परजीवी चार रूपे बदलतो. आधी तो माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत काही दिवस राहतो. मग गळून खाली येतो आणि वाळूवर किंवा दगडावर कवच करून बसतो. त्या कवचात त्याचे विभाजन होऊन एकाचे दोनशेपर्यंत होतात. शेवटी कवच फुटते आणि पोहणारी पिल्ले नव्या माशाच्या शोधात निघतात. त्यांच्याकडे वेळ फार नसतो, एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती संपतात. या चार अवस्थांपैकी दिव्याच्या तावडीत सापडते ती फक्त ही शेवटची. माशाच्या अंगात शिरलेला आणि दगडाला चिकटलेला परजीवी दिव्यापाशी जात नाही, आणि दिवा जागचा हलत नाही.

त्यातही निसर्गाची एक चलाखी आहे. ही पिल्ले बहुधा अंधारात, पहाटेआधी बाहेर पडतात. नेमक्या त्याच वेळी मासा दगडाच्या कपारीत, वाळूलगत निजलेला असतो. पिल्लाला चार बोटांवर मासा सापडतो, मग पंपाच्या तोंडापर्यंत ते कशाला जाईल? म्हणून यूव्ही असलेल्या टाकीतही पांढरे ठिपके येतात, आणि मालक दिव्याला दोष देतो. यूव्हीमुळे पाण्यातल्या पिल्लांची संख्या घटते, रोगाचा भर थोडा ओसरू शकतो. पण चक्र मोडायची हमी त्यातून मिळत नाही.

दुसरी गोष्ट मात्रेची. किरणांचा जोर आणि पाणी दिव्यासमोर राहण्याचा वेळ, यांच्या गुणाकारावर सगळे अवलंबून असते. पाणी हिरवे करणारे तरंगते शेवाळ आणि बरेचसे जिवाणू यांना चौरस सेंटीमीटरला साधारण ४० मिलिज्यूल पुरतात असे धरले, तर परजीवींसाठी ९० किंवा त्याहून जास्त लागतात. म्हणजे एकच दिवा, पण शेवाळासाठी पाणी वेगात चालते आणि परजीवीसाठी ते संथ सोडावे लागते. संथ सोडले की फेऱ्या कमी होतात. लहान दिव्याची कोंडी इथेच होते. डब्यावर ‘दोनशे लिटरसाठी’ असे छापलेले असते, पण कशासाठी आणि किती प्रवाहाला, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

याचा अर्थ यूव्ही निरुपयोगी आहे असा नव्हे. टाकीचे पाणी अचानक हिरवे किंवा दुधाळ झाले तर यूव्हीसारखा उपाय नाही. काही दिवसांत पाणी नितळ होते. दुकानात किंवा मत्स्यबीज केंद्रात अनेक टाक्या एकाच पाण्यावर चालतात. तिथे एका टाकीतला रोग दुसरीत जाण्याची वाटच यूव्हीतून जाते, त्यामुळे तो खरा पहारेकरी ठरतो. घरातल्या एकुलत्या एक टाकीत चोर आधीच घरात असतो आणि पहारेकरी दाराशी उभा असतो.

तोट्यांचा बाऊ करण्याचे कारण नाही. अमोनिया पचवणारे उपयुक्त जिवाणू दगडावर आणि फिल्टरच्या पृष्ठभागावर राहतात, पाण्यात तरंगत नाहीत. म्हणून यूव्हीमुळे टाकीचा समतोल ढासळतो ही भीती बहुतांशी फोल आहे. फक्त नवी टाकी बसत असताना, बाटलीतले जिवाणू सोडल्यावर आणि औषध घातल्यावर दिवा बंद ठेवावा, कारण काही औषधे या किरणांनी विघटित होतात. तरंगते सूक्ष्मजीव खाणारे प्राणी टाकीत असतील तर त्यांच्या ताटातला घास कमी होतो, हेही ध्यानात घ्यावे. आणि उघड्या दिव्याकडे कधीच पाहू नये. डोळ्यांना आणि कातडीला तो इजा करतो.

खरी फसगत होते ती देखभालीत. दिव्यातून दिसणारी निळी झाक म्हणजे काम करणारे किरण नव्हेत. ते डोळ्यांना दिसतच नाहीत. साधारण आठ-नऊ हजार तासांनी, म्हणजे अखंड वापरात वर्षभराने, जंतुनाशक किरण बरेच क्षीण होतात, पण निळा उजेड तसाच राहतो. यूव्हीचा डबा उघडून क्वार्ट्झची नळी एकदा बाहेर काढून पाहावी. गिझरच्या कॉइलवर चढतो तसा पांढरा खरबरीत थर तिच्यावर दिसेल. या थराआडून किरण पाण्यापर्यंत पोहोचत नाहीत. लिंबूसत्व घातलेल्या पाण्यात नळी भिजवून मऊ फडक्याने पुसली की ती पुन्हा लख्ख होते. जो हे दर महिन्या-दोन महिन्यांनी करणार नाही, त्याने यूव्ही घेऊ नये.

आता परळीचा हिशेब. अठरा वॅटचा दिवा चोवीस तास चालला तर महिन्याला जेमतेम तेरा युनिट वीज लागते. बिल फार वाढत नाही, पण वीज गेली की प्रश्न उभा राहतो. इन्व्हर्टरवर पहिला हक्क पाणी फिरवणाऱ्या पंपाचा आणि हवेचा, दिव्याचा शेवटचा. पंप थांबला तर दिवाही थांबेल अशीच जोडणी करावी, नाहीतर डब्यातले साचलेले पाणी तापते. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो, तर या माशांना २५ ते २७ अंश मानवतात. त्या दिवसांत दिव्याची थोडीशी उष्णताही नकोशी होते. कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून तूट भरून काढायची ती गोड्या पाण्यानेच.

आणि ते गोडे पाणी बोअरचे जड पाणी असून चालत नाही, आरओचेच लागते. दोनशे लिटर टाकीला मीठ सात किलोच्या वर लागते, आणि तेवढे शुद्ध पाणी काढताना घरगुती आरओ चार-सहाशे लिटर पाणी बाहेर टाकतो. ज्या भागाने पाण्याची रेल्वे पाहिली तिथे हे पाणी मोरीत सोडणे शोभत नाही. लादी पुसायला, भांडी विसळायला ते साठवलेच पाहिजे.

मग पैसे आधी कशावर घालावेत? आमच्या मते पहिला मान छोट्या विलगीकरण टाकीचा. नवा मासा काही आठवडे तिथे ठेवून, त्याच्या अंगावर काही दिसते का ते पाहून मगच मुख्य टाकीत सोडावा. रोग घरात येऊ न देणे हे तो आल्यावर दिवा लावण्यापेक्षा स्वस्त पडते. त्यानंतर पाण्यातली घाण फेसाबरोबर काढणारा चांगला स्किमर, क्षारता मोजायचे भरवशाचे साधन आणि इन्व्हर्टर. यूव्हीचा क्रमांक त्यानंतरचा. मासेही शक्यतो बंदिस्त पैदाशीचे घ्यावेत. क्लाउनफिशची अशी पैदास केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आपल्याकडे बसवली आहे. समुद्रातून ओरबाडलेले प्रवाळ आणि समुद्रघोडे घेणे तर वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, ते कुणी कितीही स्वस्तात देऊ केले तरी.

थोडक्यात, यूव्ही हा टाकीचा वैद्य नाही, झाडूवाला आहे. घर झाडलेले असावे हे चांगलेच, पण झाडूने ताप उतरत नाही. ज्याची विलगीकरण टाकी तयार आहे, पाणी आणि विजेची सोय पक्की आहे आणि नळी पुसायचा कंटाळा नाही, त्याने यूव्ही खुशाल बसवावा. बाकीच्यांनी ते पैसे तूर्त राखून ठेवावेत आणि पुढचा मासा पिशवीतून थेट टाकीत सोडण्याचा मोह आवरावा.