असुराचें सोंग कोणीं घ्यावें?

गेल्या दत्तजयंतीस कडगंचीस आमच्या घरीं पंगती उठल्यावर माजघरांत एक लहानसा वाद झाला. माझा बारा वर्षांचा भाचा टेलिव्हिजनला यंत्र जोडून ‘स्ट्रीट फायटर’ हा जुना द्वंद्वयुद्धाचा खेळ खेळत होता. आपला लढवय्या म्हणून त्यानें निवडला तो नेमका खलनायक, लाल गणवेशांतला बायसन. आमच्या नानांचें गुरुचरित्राचें पारायण नुकतेंच समाप्त झालें होतें. ते म्हणाले, “अरे, आजच्या दिवशीं तरी असुराचा पक्ष घेऊं नकोस. सोंग घेतां घेतां माणूस तसाच होतो.”

नानांविषयीं मला आदर आहे. परंतु त्यांचें हें मत मला मान्य नाहीं. तें त्यांचें एकट्याचें असतें तर मी गप्प बसलों असतों. आपल्या समाजांत तें पुष्कळांचें आहे, म्हणून त्याचें उत्तर जाहीरपणें देणें अवश्य आहे.

प्रथम खेळाची हकीकत सांगतों. जपानच्या कॅपकॉम कंपनीनें १९९१ सालीं ह्या खेळाचा दुसरा भाग काढला, तेव्हां खेळणारास आठ लढवय्यांतून एक निवडतां येई. त्यांत धालसिम नांवाचा एक हिंदी योगीही होता. शेवटचे चार प्रतिस्पर्धी मात्र केवळ यंत्राच्या हातीं असत, आणि बायसन हा त्या चौघांचा धनी. माझ्या पिढीच्या मुलांनीं दुकानांत नाणें टाकून त्याचा मार खाल्ला. पण त्याच्या जागीं उभें राहण्याची मुभा कोणास नव्हती. शिवाय यंत्र सरळ खेळत नसे. गाईल नांवाच्या लढवय्याचें अस्त्र सोडण्यापूर्वीं खेळाडूस दांडी क्षणभर मागें ओढून धरावी लागते. यंत्राच्या हातचा गाईल मात्र पुढें चालत असतांच तें अस्त्र सोडी. नियम होता, पण तो माणसापुरता.

१९९२ सालीं ‘चॅम्पियन एडिशन’ निघाली आणि ते चौघे खेळाडूंना खुले झाले. मुलें दुष्ट झालीं काय? झालें तें एवढेंच, कीं अंगावर झेप घेण्याआधीं बायसनलाही मागें सरून थांबणें भाग पडलें. तो माणसाच्या हातीं आला आणि त्याच क्षणीं नियमाखालीं आला. माझें सारें म्हणणें ह्यांतच आहे. असुर भयंकर असतो तो त्याचें सोंग घेतां येतें म्हणून नव्हे. त्याच्या जागीं कोणास उभें राहतां येत नाहीं, म्हणून.

वकिलाच्या डोळ्यांनीं हिरण्यकशिपूचा वर वाचून पाहा. माणसाकडून मरण नाहीं, पशूकडून नाहीं. दिवसा नाहीं, रात्रीं नाहीं. घरांत नाहीं, बाहेर नाहीं. हा सवलतीच्या कलमांचा मसुदाच होय. त्याचें पाप निव्वळ बळांत नव्हतें. सर्वांना लागू असलेला कायदा मला लागू नसावा, ह्या मागणींत होतें. १९७५ सालीं एकोणचाळीसाव्या घटनादुरुस्तीनें पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेऊं पाहिली, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें ७ नोव्हेंबर रोजीं तें कलम रद्द ठरविलें. येथें कोणास असुर म्हणण्याचा माझा हेतु नाहीं. व्यक्ति कोणीही असो, अशी सूट ही वस्तूच वाईट.

नाना म्हणतील, बळ हातीं आलें कीं माणूस उन्मत्त होतोच. होतो, हें मला मान्य आहे. ह्याच खेळाच्या १९९४ सालच्या आवृत्तींत ‘अकुमा’ हा योद्धा गुप्त खुणेनें घेतां येत असे. अकुमा म्हणजे जपानी भाषेंत राक्षस. त्याचें बळ इतरांच्या मानानें इतकें अफाट होतें, कीं खेळाडूंनीं आपल्या स्पर्धांतून त्याला वर्ज्य केलें. पण ती बंदी कोणीं घातली? ज्यांनीं तो स्वतः खेळून पाहिला, त्यांनीं. त्या आसनावर जो कधीं बसलाच नाहीं, त्यास त्याचें विष कसें कळावें?

आपल्या पूर्वजांस हें ठाऊक होतें. कोंकणांतल्या दशावतारांत वेद चोरणारा संकासुर काळ्या वेषांत येतो, मालवणींत सर्वांची टर उडवितो आणि शेवटीं विष्णूच्या हातून मरतो. वेषाच्या आंत आपल्यासारखाच माणूस आहे, हें पोरासोरांनाही दिसत असतें. म्हणून असुर हा केवळ भीतीचा विषय न राहतां समजुतीचा होतो. गोव्यांत नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीं नरकासुराच्या प्रचंड प्रतिमा मिरवितात आणि पहाटे जाळतात. असुर मोठा झाला व कृष्ण लहान, अशी तक्रार त्यावर होते. ती रास्त आहे. परंतु दोष असुर उभा करण्यांत नाहीं. त्याच्यासमोर तोलाचा कृष्ण उभा न करण्यांत आहे.

आतां थोडें कटु बोलतों. उत्सवांतलीं मुलांचीं नाटकें मी वर्षानुवर्षें पाहत आलों आहें. “आमचा मुलगा राक्षस होणार नाहीं,” असें प्रतिष्ठित घर म्हणतें, तेव्हां राक्षस नाहींसा होत नाहीं. ती भूमिका दुसऱ्याच्या मुलाकडे जाते. तो मुलगा बहुधा काळासांवळा, अंगानें थोराड, आणि ज्याचा बाप मंडळांत नाहीं असा असतो. वर्षामागून वर्ष रावण तोच, आणि राम मात्र विश्वस्तांच्या घरचा! सोंगानें माणूस बिघडतो ही भीति तुम्ही खरी मानीत असाल, तर तें विष परक्या लेकरास पाजण्याचा अधिकार तुम्हांस कोणीं दिला? आणि खोटी मानीत असाल, तर आपलें लेकरूं मागें कां धरतां? ह्या दोन प्रश्नांपैकीं एकाचें तरी उत्तर मंडळांनीं द्यावें. देतां येत नसेल, तर पुढच्या उत्सवांत भूमिकांच्या चिठ्ठ्या टाकाव्या आणि ज्याला जी निघेल ती त्यानें करावी.

नानांनीं ज्याचें पारायण केलें, त्याच ग्रंथांत गाणगापुरच्या ब्रह्मराक्षसाची कथा आहे. आमच्या कडगंचीच्या सायंदेवांच्या वंशांतल्या सरस्वती गंगाधरांनीं ती लिहून ठेविली. अश्वत्थावरच्या त्या ब्रह्मराक्षसाला श्रीगुरूंनीं मारिलें नाहीं. मस्तकीं हात ठेविला आणि संगमावर स्नानास पाठविलें. ज्यास सारें गांव टाळीत होतें, त्यास त्यांनीं सर्वांच्याच वाटेवर आणिलें.

त्या संध्याकाळीं भाचा धाकट्या बहिणीकडून तीनदां हरला. “ह्यालाही मागें थांबावें लागतें!” तो कुरकुरला. असुराविषयींचें एवढें ज्ञान आपल्या समाजाच्या प्रत्येक मुलास मिळावें, विश्वस्तांच्या मुलास तर आधीं मिळावें, इतकीच माझी मागणी आहे.