एजंट काम करील, पण सही कुणाची?

सध्या ऑफिसात नवा शब्द फिरतोय, एआय एजंट. चॅटबॉट नुसता उत्तरं द्यायचा. हा स्वतः मेल पाठवतो, बिलं तपासतो, नोंदी बदलतो. काम भराभर होतं, वाद नाही. पण चुकलं तर?

एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं, आजी गेली म्हणून प्रवास करताय, तर तिकीट काढा, सवलत नंतर मागा. नियम नेमका उलटा होता. त्याने पैसे मागितले तर कंपनी म्हणे, चॅटबॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही! फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने हे फेटाळलं आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली.

‘सिस्टीम घेत नाही’ हे आपण रोज ऐकतो. उद्या ‘एजंटने केलं’ ऐकू. आपल्याकडे २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी असतो, त्याच्यावर अपील करता येतं. एजंट आला तरी तो माणूस गायब होता कामा नये.

नव्या कारकुनाला पहिल्याच दिवशी तिजोरीची किल्ली देतो का आपण? मग एजंटलाही नको. आधी नुसतं वाचू द्या, मग मसुदा करू द्या. पैसे देणं, अर्ज नाकारणं, नोंद पुसणं, इथे माणसाचा होकार हवाच. त्याने काय काय केलं, ते लिहून राहू द्या.

तुमच्या ऑफिसात एजंट आलाय? मग एकच विचारा: साहेब, याच्या चुकीवर सही कुणाची?